रंग कोणत्या गटाला येतो? गोव्याच्या स्वयंपाकघरातले जैवरेणू ओळखण्याची रीत

अकरावी-बारावीच्या प्रयोगवहीत चार ओळी ठरलेल्या असतात. आयोडीनने निळा झाला तर स्टार्च, बेनेडिक्टने विटकरी झाला तर साखर, बाययुरेटने जांभळा झाला तर प्रथिन, कागदावर तेलकट डाग पडला तर स्निग्ध पदार्थ. पाठ करायला सोप्या, आणि घोळ तिथेच होतो. विद्यार्थी डब्यातल्या पांढऱ्या साखरेचे पाणी बेनेडिक्टमध्ये घालतो, रंग निळाच राहतो, तरी वहीत 'विटकरी' लिहून मोकळा होतो, कारण साखरेला विटकरी यायलाच हवा असे त्याने पाठ केलेले असते. नळी मात्र खरे तेच सांगत असते.

चाचणीला 'साखर' किंवा 'प्रथिन' कळत नाही. तिला रेणूच्या अंगावरचा एक ठराविक गट, एक ठराविक जोड किंवा एक ठराविक आकार कळतो. पुढचे सगळे प्रयोग या एकाच नजरेने करायचे आहेत. फसलेल्या प्रयोगाचे कारणही मग बहुतेक वेळा तिथेच सापडते.

कार्बनबद्दल आधी थोडेसे, कारण त्याशिवाय पुढचे समजणार नाही. कार्बनला चार हात असतात. तो दुसऱ्या कार्बनचा हात धरून लांब साखळ्या आणि कडी तयार करतो. पण रेणूचा स्वभाव ठरवतात साखळीला लागलेले गट. फेणीतल्या अल्कोहोलवर हायड्रॉक्सिल गट असतो, व्हिनेगरच्या आम्लावर कार्बॉक्सिल, ग्लुकोजच्या टोकाला अल्डिहाइड, अमिनो आम्लावर अमिनो आणि कार्बॉक्सिल दोन्ही. असे दोन गट जवळ येऊन पाण्याचा एक रेणू बाहेर टाकतात आणि एकमेकांना जोडले जातात. साखरेला साखर जोडली की ग्लायकोसिडिक बंध, आम्लाला अल्कोहोल जोडले की एस्टर, आम्लाला अमिनो जोडला की पेप्टाइड बंध. पाणी परत घालून हेच सांधे सोडवले की त्याला जलविघटन म्हणतात. आपल्या पोटात पेज पचते ती याच रीतीने.

तयारी

सहा परीक्षानळ्या, तीन ड्रॉपर, १०० मिलीचे मोजपात्र, ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा, उकळत्या पाण्यासाठी पातेले, गॉगल आणि रबरी हातमोजे. मोरचुदासारखे (मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, तांब्याचे निळे मीठ) थोडे पदार्थ तोलायला शाळेचा ०.०१ ग्रॅमचा काटा मिळाला तर उत्तम. पाणी बॅटरीत घालतात ते ऊर्ध्वपातित घ्या. जांभ्या दगडातल्या विहिरीच्या पाण्यात लोह असू शकते आणि त्याने रंग मळकट दिसतात.

आयोडीनसाठी जखमेवर लावायचे १० टक्क्यांचे पोव्हिडोन-आयोडीन चालते. त्याचा १ मिली ९ मिली पाण्यात मिसळा, कोऱ्या चहासारखा रंग आला की झाले. मलम घेऊ नका.

बेनेडिक्टचे १०० मिली द्रावण असे करावे. ७० मिली कोमट पाण्यात १७.३ ग्रॅम सोडियम सायट्रेट आणि १० ग्रॅम निर्जल सोडियम कार्बोनेट विरघळवा. धुण्याच्या सोड्याचे पाणीदार स्फटिक असतील तर १० ऐवजी २७ ग्रॅम लागतील, कारण त्यांचे निम्म्याहून जास्त वजन पाण्याचेच असते. दुसऱ्या भांड्यात १५ मिली पाण्यात १.७३ ग्रॅम मोरचूद विरघळवा. मग मोरचुदाचे पाणी सोड्याच्या पाण्यात बारीक धारेने, सतत ढवळत घाला आणि वर पाणी घालून १०० मिली करा. उलटे, म्हणजे सोडा मोरचुदात ओतला, तर तांब्याचा कार्बोनेट साका होऊन खाली बसतो. सायट्रेटचे काम तांब्याला धरून ठेवण्याचे आहे, तेव्हा सायट्रेट आधीपासून भांड्यात हवे.

मोरचूद गोव्यात शोधावे लागत नाही. पावसाळ्यापूर्वी सुपारीच्या कुळागरात कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण फवारतात, त्यातले मोरचूद शेतीच्या दुकानात मिळते. मात्र त्यात कधी कधी लोहाची भेसळ असते. स्फटिक हिरवट दिसले तर ठेवून द्या आणि प्रयोगशाळेच्या दर्जाचे आणा.

बाययुरेटसाठी दोन बाटल्या: एकीत १० टक्के कॉस्टिक सोडा, दुसरीत १ टक्का मोरचूद. सोड्याची बाटली प्लॅस्टिकची ठेवा, काचेचे बूच तो घट्ट धरून बसतो. कॉस्टिक नेहमी पाण्यात घालायचा, पाणी त्यावर ओतायचे नाही. हातावर उडाला तर वाहत्या पाण्याखाली निदान पंधरा मिनिटे धरा, व्हिनेगर चोळत बसू नका.

पेज आणि आयोडीन: इथे आकार दिसतो

उकड्या तांदळाच्या पेजेचे वरचे पाणी ५ मिली घ्या आणि पूर्ण थंड होऊ द्या. त्यात आयोडीनचे दोन थेंब घातले की गडद निळा, जवळजवळ काळा रंग येतो.

स्टार्च म्हणजे ग्लुकोजची लांब माळ. त्यातला अमायलोज नावाचा सरळ भाग स्प्रिंगसारखा वळलेला असतो, एका वेढ्यात सहा ग्लुकोज. आयोडीन या वेढ्यांच्या पोकळीत ओळीने बसते आणि निळा रंग त्यातून येतो. ग्लुकोज तोच, पण वेढा नसेल तर रंग नाही. हे पटवून घ्यायला तीच निळी नळी गरम पाण्यात धरा. वेढे सैल होतात आणि रंग उडतो. नळी थंड पाण्यात ठेवा, निळा परत येतो. फार उकळू मात्र नका, आयोडीनच वाफेबरोबर निघून जाते आणि मग काहीच परतत नाही.

केळ्याचे दोन काप शेजारी ठेवून बघा, एक हिरव्या केळ्याचा आणि एक साल ठिपकेदार झालेल्या रसबाळीचा. हिरवा काप क्षणात काळानिळा होतो, पिकल्यावर जेमतेम डाग पडतो. पिकताना स्टार्चची माळ तुटून साखर झालेली असते.

आता लाळेचा प्रयोग. १०० मिली पाण्यात १ ग्रॅम तांदळाचे पीठ उकळून थंड करा. त्यातले ५ मिली घेऊन त्यात १ मिली लाळ मिसळा आणि नळी ३७ अंशांच्या आसपास कोमट पाण्यात ठेवा. पांढऱ्या बशीवर आयोडीनचे थेंब ओळीने मांडून दर मिनिटाला मिश्रणाचा एक थेंब पुढच्या थेंबात सोडा. पहिले थेंब निळे, मग जांभळट, मग तांबूस, शेवटी आयोडीनचा आपलाच पिवळा-तपकिरी. लाळेतले अमायलेज हे विकर (एन्झाइम) माळ मधेमधे तोडत जाते, तुकडे आखूड होत जातात आणि वेढे उरत नाहीत. एक नळी उकळून थंड केलेल्या लाळेची शेजारी ठेवाच. ती निळीच राहते, कारण विकर हे प्रथिन आहे आणि उकळल्यावर त्याची घडी मोडते.

रंग आला नाही तर दोन गोष्टी तपासा. नमुन्यात लिंबू किंवा आवळा होता का? क जीवनसत्त्व आयोडीनचे आयोडाइड करून टाकते. नळीला साबण किंवा सोडा राहिला होता का? अल्कलीतही आयोडीन टिकत नाही.

साखर: मोकळा अल्डिहाइड हवा

२ मिली बेनेडिक्टमध्ये नमुन्याचे दहा थेंब घाला आणि नळी उकळत्या पाण्याच्या पातेल्यात पाच मिनिटे उभी ठेवा. थेट ज्योतीवर धरू नका, आतले उसळून बाहेर येते. निळा, हिरवा, पिवळा, नारिंगी, विटकरी असा रंग साखरेच्या प्रमाणाप्रमाणे चढतो. विटकरी दिसते ते तांब्याचे ऑक्साइड असते.

रंग येतो तो साखरेच्या मोकळ्या टोकाने तांब्याला इलेक्ट्रॉन दिल्यामुळे. ग्लुकोजजवळ असे टोक आहे. फ्रुक्टोज कीटोन असूनही रंग देतो, कारण अल्कलीत तो सहज अल्डिहाइडच्या रूपात बदलतो. दुधातल्या लॅक्टोजचे एक टोक मोकळे असते. पांढरी साखर म्हणजे सुक्रोज, त्यात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज नेमके त्या टोकांनीच एकमेकांना बांधलेले असतात. दोन्ही हात अडकलेले, म्हणून बेनेडिक्ट निळा.

सांधा सोडवून दाखवा. ५ मिली साखरपाण्यात १ मिली विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घालून पाच मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवा. थंड झाल्यावर खाण्याचा सोडा चिमटीचिमटीने घालत राहा, फेस यायचा थांबेपर्यंत. मग बेनेडिक्ट. आता विटकरी येतो. सोडा घालायला विसरणे ही या प्रयोगातली सर्वांत नेहमीची चूक आहे. बेनेडिक्टला अल्कली लागते आणि उरलेले आम्ल ती खाऊन टाकते. सोलांचे आगळ (कोकमाचा आंबट अर्क) किंवा चिंचेचे पाणी तपासतानाही याच कारणाने आधी सोडा घाला.

पांढऱ्या साखरेला रंग येत नाही, पण माडाच्या गुळाला येतो. गूळ आटवताना, आणि त्याआधी रस साठतानाही, थोडे सुक्रोज फुटलेले असते. काजूच्या बोंडांचा रस तर दहापट पातळ करूनही भडक रंग देतो, पण तो सगळा साखरेचा मानू नका. बोंडात क जीवनसत्त्व भरपूर असते आणि तेही तांब्याला इलेक्ट्रॉन देते. गरम करण्याआधीच रंग पालटू लागला तर संशय त्याच्यावर घ्यावा.

सुरेचा एक दिवस

हा प्रयोग शिक्षकांनी करावा, आणि सवड काढून करावा. माडाच्या पोयीतून (फुलोऱ्यातून) निघणारा ताजा रस, म्हणजे सूर, मुख्यत्वे सुक्रोजचा असतो. भांड्यातले यीस्ट आधी इन्व्हर्टेज हे विकर सोडून सुक्रोज फोडते, मग फुटलेले ग्लुकोज-फ्रुक्टोज खाऊन अल्कोहोल करते, आणि पुढे जिवाणू त्या अल्कोहोलचे व्हिनेगर करतात. म्हणजे बेनेडिक्टचा रंग आधी चढायला हवा आणि मग उतरायला हवा.

रेंदेराकडून (माडाची सूर काढणाऱ्याकडून) सकाळी उतरवलेली सूर अर्धा लिटर घ्या. बाटलीचे तोंड फडक्याने झाका, बूच घट्ट लावू नका, आत वायू साठतो. घेतल्याबरोबर, मग दर दोन तासांनी संध्याकाळपर्यंत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ५-५ मिली काढा. प्रत्येक नमुना लगेच पाच मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवून फ्रीजमध्ये ठेवा, म्हणजे यीस्ट आणि विकर थांबतात. शेवटी सगळे नमुने सारखेच, एकाला एकोणीस भाग पाणी घालून पातळ करा आणि एकाच वेळी एकाच पातेल्यात बेनेडिक्ट करा. पातळ न केल्यास सगळ्याच नळ्या विटकरी होतील आणि चढ-उतार दिसणार नाही.

पहिल्याच नळीत रंग आला तर प्रयोग चुकला असे समजू नका. सूर माडावर भांड्यात रात्रभर जमते आणि आंबणे तिथेच सुरू झालेले असते. रेंदेराने भांडे उकळत्या पाण्याने धुऊन बांधले तर सुरुवात जास्त स्वच्छ मिळते. गुळासाठी रस काढताना भांड्याला आतून चुना लावतात तोही यीस्टला आवर घालायलाच. तो रस आणि साधी सूर शेजारी शेजारी तपासली तर फरक डोळ्यांनी दिसतो.

सूर मिळत नसेल तर १०० मिली कोमट पाण्यात ५ ग्रॅम साखर आणि अर्धा चमचा कोरडे यीस्ट घेऊनही पहिला टप्पा बघता येतो. नुसत्या यीस्टच्या पाण्याची नळी सोबत ठेवा.

प्रथिने: सांध्याचा रंग

अंड्याचा पांढरा बलक एक भाग, पाणी नऊ भाग. त्यातले २ मिली घ्या, त्यात २ मिली कॉस्टिक सोडा, हलवा, मग मोरचुदाचे दोन-तीन थेंब. काही मिनिटांत जांभळा. गरम करायचे नाही.

इथे तांब्याला पेप्टाइड बंधातले नायट्रोजन धरतात, आणि त्यासाठी निदान दोन पेप्टाइड बंध लागतात. चायनीज पदार्थांत घालतात ती अजिनोमोटोची पूड म्हणजे ग्लुटामेट, एका अमिनो आम्लाचे मीठ. तिचे द्रावण तपासा, जांभळा येणार नाही. प्रथिनाची वीट आहे पण सांधा नाही. सगळ्या प्रयोगांत हा सर्वांत छोटा, आणि चाचणी नक्की काय बघते ते सर्वांत स्पष्ट सांगणारा.

आळसांदे (चवळीसारखे कडधान्य) रात्रभर भिजवून, थोडे मीठ घालून वाटून गाळलेले पाणी छान रंग देते. सुंगटांच्या (कोळंबीच्या) मासाचे वाटणही देते. रंग मळका निळा येत असेल तर मोरचूद जास्त पडले आहे, तांब्याचा निळा साका जांभळ्याला झाकतो. जुना, वास येणारा मासा नमुन्याला घेऊ नका, अमोनियासुद्धा तांब्याबरोबर गडद निळा देतो.

या द्रावणात बाययुरेट नसतेच. बाययुरेट हा युरिया तापवून मिळणारा पदार्थ, त्याच्या रेणूत असाच सांधा असल्याने तोही जांभळा देतो आणि नाव चिकटले. युरिया फ्रीडरिश व्होलर यांनी १८२८ मध्ये अमोनियम सायनेटपासून बनवला होता. सजीवांतले पदार्थ प्रयोगशाळेत बनू शकत नाहीत ही समजूत त्यानंतर ढासळत गेली.

खोबरेल आणि भिरंडेल

तेलाचा कागदी डाग सर्वांना ठाऊक आहे. पाण्याचा डागही ओला असताना पारदर्शक दिसतो, म्हणून कागद वाळवून मगच बघा. दुसरी रीत: किसलेले सुके खोबरे अर्धा चमचा ३ मिली स्पिरिटमध्ये जोरात हलवा, वरचे स्वच्छ स्पिरिट ३ मिली पाण्यात ओता. दुधासारखे पांढरे झाले की तेल आहे. नारळाचा रस (खोबऱ्याचे दूध) या चाचणीला घेऊ नका, तो आधीपासूनच पाण्यात विखुरलेले तेल आहे.

खोबरेल साधारण २४ अंशांना वितळते, म्हणून गोव्यात वर्षातले बहुतेक दिवस पातळ असते. भिरंडेच्या (कोकमाच्या) बियांचे भिरंडेल त्याच कपाटात घट्ट वडी होऊन बसते, ते वितळायला ४० अंशांच्या आसपास लागतात. टाचांच्या भेगांना चोळताना ते हळूहळू पाघळते ते यामुळेच. दोन्हींत ग्लिसरॉलला तीन मेदाम्ले एस्टर बंधाने जोडलेली असतात. खोबरेलात १२ कार्बनचे लॉरिक आम्ल जवळजवळ निम्मे. भिरंडेलात १८ कार्बनचे, सरळ आणि लांब स्टिअरिक आम्ल सर्वांत जास्त. सरळ लांब साखळ्या एकमेकींना चिकटून बसतात, म्हणून वितळायला ऊब जास्त लागते. ओलेइक आम्लही १८ कार्बनचेच, पण मधल्या दुहेरी बंधामुळे वाकलेले, म्हणून ते शुद्ध असताना १३ अंशांनाच वितळते. तारल्यांच्या (सार्डिन माशांच्या) तेलातल्या मेदाम्लांना पाच-सहा असे वाक असतात, ते फ्रीजमध्येही सहजी गोठत नाही.

एस्टर सांधा सोडवायचा म्हणजे साबण करायचा. हिशेब असा. शुद्ध ट्रायलॉरिनचा (ज्यात तीनही मेदाम्ले लॉरिकच आहेत अशा तेलाचा) एक मोल ६३९ ग्रॅम, त्याचे तीन सांधे तोडायला तीन मोल कॉस्टिक, म्हणजे १२० ग्रॅम. १०० ग्रॅमला १८.८ ग्रॅम झाले. खऱ्या खोबरेलात लांब साखळ्याही मिसळलेल्या असतात, म्हणून आकडा १८.३ वर उतरतो. कॉस्टिक जरा कमी घालून थोडे तेल मोकळे ठेवतात: कपडे-भांड्यांच्या साबणाला ५ टक्के कमी, म्हणजे १७.४ ग्रॅम, आणि अंगाच्या साबणाला २० टक्के कमी, म्हणजे १४.६ ग्रॅम, कारण नुसत्या खोबरेलाचा साबण त्वचा फार कोरडी करतो.

३५ ग्रॅम पाण्यात कॉस्टिक विरघळवा, स्टीलच्या भांड्यात आणि हवेशीर जागी. ॲल्युमिनियमचे भांडे अजिबात नको, कॉस्टिक ते खातो आणि हायड्रोजन सुटतो. द्रावण तापेल, ४० अंशांपर्यंत उतरू द्या. १०० ग्रॅम तेलही तितकेच कोमट करा. कॉस्टिकचे पाणी तेलात ओता आणि रवीने ढवळत राहा, वर ओघळलेली रेघ टिकेपर्यंत. साच्यात ओता, बारा तासांच्या आत कापा, खोबरेलाचा साबण उशिरा कापला तर तुकडे उडतात. चार ते सहा आठवडे वाऱ्यावर ठेवून मगच वापरा. जून-जुलैत केलेल्या वड्यांवर पाण्याचे थेंब धरतात. सांध्यातून सुटलेले ग्लिसरॉल हवेतली ओल ओढते, साबण बिघडलेला नसतो. तेल वेगळे तरंगत राहिले तर ढवळणे कमी पडले किंवा वजन चुकले. कॉस्टिक चमच्याने मोजू नका, काट्यावरच तोला.

खोबरेलाचा साबण खाऱ्या पाण्यातही फेस देतो, कारण आखूड साखळीचा साबण मीठ असतानाही विरघळलेला राहतो. जहाजावरच्या तारवट्यांना या साबणाचा उपयोग म्हणूनच होता.

केळ्यातले डीएनए, फेणीशिवाय

पिकलेले केळे ५० ग्रॅम कुस्करा. ५० मिली पाण्यात अर्धा चमचा मीठ आणि दोन चमचे भांड्यांचे द्रव साबण मिसळून त्यात घाला, फेस न करता दहा मिनिटे हलके ढवळा, कापडातून गाळा. ५ मिली गाळलेल्या पाण्यावर बर्फासारखे थंड ९५ टक्के स्पिरिट १० मिली नळीच्या कडेने सोडा. दोन थरांच्या मधे पांढरे तंतू वर येतात. साबणाने पेशीचे मेदाचे आवरण फुटते, मिठातला सोडियम डीएनएवरच्या फॉस्फेट गटांचा ऋणभार झाकतो, आणि स्पिरिटमुळे डीएनएला विरघळायला पुरेसे पाणी उरत नाही.

फेणीने हे होत नाही. तिच्यात अल्कोहोल साधारण ४३ टक्के, नळीत मिसळल्यावर २९ च्या आसपास येते, तेवढ्याने डीएनए बाहेर पडत नाही. आणि हाती आलेले तंतू सगळे डीएनए समजू नयेत. केळ्यातले पेक्टिन आणि काही प्रथिनेही त्याच गुंत्यात असतात. स्पिरिट घालण्याआधी गाळलेल्या पाण्यात कच्च्या पपईच्या चिकाचे दोन थेंब घालून पाच मिनिटे थांबले तर प्रथिने तुटून गुंता थोडा स्वच्छ होतो.

उरलेले द्रावण

तांबे मासळीला विषारी आहे. मोरचुदाचे काहीही विहिरीजवळ, तळीत किंवा मानशीच्या (खाडीच्या बांधातल्या झडपेच्या) पाण्यात ओतू नका. बाययुरेटच्या नळ्या एका बाटलीत जमवून त्यात धुण्याचा सोडा घाला, तांब्याचा बराचसा साका खाली बसतो. तो गाळून वाळवून ठेवा. बेनेडिक्टला हा उपाय चालत नाही, सायट्रेट तांब्याला सोडत नाही, म्हणून ते वेगळ्या, नाव लिहिलेल्या बाटलीत साठवून उच्च माध्यमिकच्या रसायनशाळेत जमा करा.